हात परिचारिकेचे, हक्क कोणाचा? अमेरिकेतील एका व्यवसायाचा कायदेशीर लढा

हातात कसब असणे वेगळे आणि त्या कसबावर स्वतःच्या नावाने बिल करता येणे वेगळे, हे आपल्या कारागीर बांधवांना सांगायला नको. वर्षानुवर्षे वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीलाही लायसन नसेल तर टेस्ट रिपोर्टवर दुसऱ्याची सही घ्यावी लागते. हाच प्रश्न अमेरिकेत भूल देणाऱ्या परिचारिकांपुढे उभा राहिला. जुनाट दुखण्यावर त्यांनी स्वतः इलाज करावा की नाही, यावरून तेथे राज्याराज्यांत वाद झाले. व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा हा विषय आहे.

काम कोणते?

अमेरिकेत भूल देणारी परिचारिका साधी नर्स नसते. नर्सिंगची पदवी, अतिदक्षता विभागात किमान एक वर्षाचा अनुभव आणि त्यानंतर भूलशास्त्राचे खास शिक्षण, अशी ही वाट आहे. २०२२ पासून तर नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेट दर्जाचाच अभ्यासक्रम करावा लागतो. भूल देण्याचा त्यांचा हक्क जुना आहे. १९१७ साली केंटकीच्या आणि १९३६ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने निर्वाळा दिला की, शल्यचिकित्सकाच्या हाताखाली परिचारिकेने भूल देणे म्हणजे विनापरवाना डॉक्टरी नव्हे.

नवा वाद शस्त्रक्रियेबाहेरचा आहे. महिनोन्महिने छळणारी कंबर, मान, मणका यांची दुखणी घेऊन रुग्ण येतात. अशांची संख्या थोडी नाही. २०११ च्या एका राष्ट्रीय अहवालात अमेरिकेतील सुमारे १० कोटी प्रौढांना जुनाट वेदना असल्याचा अंदाज दिला होता. अनेकांना मणक्याजवळ औषधाचे इंजेक्शन देतात. परिचारिकांचे म्हणणे असे की, बाळंतिणीच्या पाठीत आम्ही सुई घालतोच. मग खेड्यातल्या रुग्णाने त्याच कामासाठी दूरच्या शहरात का जावे?

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेपही हलका नाही. त्यांच्या मते सुई घालता येणे म्हणजे निदान करता येणे नव्हे. कंबरदुखीच्या आड गाठ किंवा जंतुसंसर्ग लपलेला असू शकतो आणि मणक्यात सुई चुकली तर माणूस कायमचा अपंग होऊ शकतो.

पैसा कोण देणार?

६५ वर्षांवरील नागरिकांसाठी अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. १९८६ च्या कायद्यानुसार १९८९ पासून भूल-परिचारिकांना मेडिकेअरकडे थेट बिल पाठवता येऊ लागले. कायद्यातील शब्द होते, ‘भूल आणि तिच्याशी संबंधित सेवा’. जुनाट दुखण्यावरील इलाज या ‘संबंधित’ सेवेत बसतो काय, यावर घोडे अडले. २०११ मध्ये काही भागांत बिले चुकती करणाऱ्या कंत्राटदार कंपन्यांनी पैसे नाकारले. अखेर नोव्हेंबर २०१२ मध्ये केंद्रीय नियम निघाला आणि १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. ज्या राज्याच्या कायद्याने परिचारिकेला जे काम करण्याची मुभा आहे, त्या कामाचे पैसे मेडिकेअर देईल, असे त्यात ठरले. म्हणजे तिजोरीचे कुलूप उघडले, पण किल्ली राज्यांकडेच राहिली.

दोन न्यायालये, दोन निकाल

लुइझियाना राज्यात परिचारिकांच्या मंडळाने हे काम त्यांच्या कक्षेत येते, असा अभिप्राय दिला. एका वेदना-उपचार केंद्राने मंडळाला कोर्टात खेचले. २००८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की, हा इलाज म्हणजे डॉक्टरीच आहे आणि मंडळाला नुसत्या अभिप्रायाने कक्षा वाढवता येणार नाही. आयोवा राज्यात मात्र उलटे घडले. इंजेक्शन देताना सुईची वाट दाखवणाऱ्या क्ष-किरण यंत्राच्या वापरावर देखरेख करण्याची मुभा तेथील नियमांनी उच्च प्रशिक्षित परिचारिकांना दिली होती. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला आव्हान दिले, पण २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नियम वैध ठरवले. प्रश्न कौशल्याइतकाच कायद्याच्या शब्दांचा आणि तो नियम रीतसर केला की नाही याचाही होता.

बाजारपेठेची बाजू

या वादात व्यापारातील स्पर्धेवर नजर ठेवणारे फेडरल ट्रेड कमिशनही उतरले. अलाबामा, टेनेसी, मिसुरी आदी राज्यांना त्याने २०१० ते २०१३ या काळात पत्रे पाठवली. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी गरजेची नसलेली बंधने घातली तर दर वाढतील आणि खेड्यापाड्यात सेवा मिळणार नाही, असा त्यांचा सूर होता. नॉर्थ कॅरोलायनातील एका खटल्यात अशीच तक्रार होती. तेथे दात पांढरे करून देणाऱ्या दुकानदारांना दंतवैद्यांच्या मंडळाने बंदी केली होती. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, धंद्यातील लोकांचेच वर्चस्व असलेल्या मंडळावर सरकारची खरी देखरेख नसेल, तर त्याला स्पर्धा कायद्यातून सूट नाही.

आपल्यासाठी धडा

आपल्याकडेही हा वाद नवा नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा डॉक्टरांनी देशभर संप केला होता.

वैद्यकीचे ज्ञान नसताना इलाज करणारा नुकसानीस जबाबदार राहतो, हे हदीसमध्ये आले आहे. त्यामुळे ज्ञानाची अट हवीच. पण ज्ञान असलेल्याला केवळ स्पर्धा नको म्हणून अडवणे, हा वेगळा अन्याय आहे. परवान्याचा प्रत्येक नियम या दोन कसोट्यांवर पारखावा.

आपल्या धंद्यात नवे काम जोडणाऱ्या बांधवांनीही तीन गोष्टी आधी पाहाव्यात. आपल्या परवान्यात हे काम लेखी बसते काय? पैसे देणारा ते काम मान्य करतो काय? आणि काही चुकले तर भरपाई कोणाच्या माथी? अमेरिकेतील परिचारिकांच्या हाती कसब होते, तरीही या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.