घरगुती गांडूळखत पेटी : सातत्याचा प्रश्न

घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 ने ओला व सुका कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकली. त्यानंतर अनेक घरांत गांडूळखताच्या पेट्या आल्या. पेटी सुरू करणे सोपे असते. ती दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत जिवंत ठेवणे कठीण. पेटी बंद पडण्याचे खापर बहुधा दुर्लक्षावर फोडले जाते. वस्तुतः घरगुती पेटीतील गांडुळे उपासमारीपेक्षा अतिआहारानेच अधिक मरतात.

याचे कारण गांडुळाच्या शरीररचनेत आहे. गांडुळाला दात नसतात. ताज्या भाजीची देठे ते खाऊ शकत नाही. जिवाणू व बुरशी यांनी मऊ केलेला पदार्थ, त्या सूक्ष्मजीवांसह, ते गिळते. म्हणजे पेटीची क्षमता गांडुळांच्या भुकेवर नव्हे, तर कुजण्याच्या वेगावर ठरते. त्या वेगापेक्षा अधिक कचरा पडला की प्राणवायू संपतो, उष्णता व आम्लता वाढते आणि दुर्गंधी सुटते. गांडूळ त्वचेतून श्वसन करते. त्यासाठी त्वचा ओली हवी आणि भोवती हवाही खेळती हवी. या दोन गरजा एकाच वेळी सांभाळणे हेच पेटीच्या निगराणीचे मर्म होय.

ढोबळमानाने एक किलो गांडुळांना दररोज अर्धा किलो कचरा पुरतो. नव्या पेटीत त्याहूनही कमी घालावा. प्रत्येक वेळी ओल्या कचऱ्याबरोबर फाडलेले वर्तमानपत्र, वाळका पालापाचोळा किंवा नारळाचा काथ्या मिसळावा. त्यामुळे कर्ब-नत्र गुणोत्तर सुधारते व पोकळीही राहते. मिश्रण मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंबच निघावेत, धार लागू नये. उरलेली आमटी, लोणचे यांसारखे खारट पदार्थ पूर्णतः वर्ज्य. मीठ त्वचेतून पाणी शोषून घेते. लिंबाच्या सालींचे प्रमाण अल्प असावे. आम्लता वाढल्यास अंड्याच्या कवचांची पूड उपयोगी पडते.

जातीची निवडही महत्त्वाची आहे. शेतात खणून काढलेली, खोल बिळे करणारी गांडुळे पेटीत तग धरत नाहीत. तेथे पृष्ठभागालगत राहणाऱ्या जाती लागतात. आयसेनिया फेटिडा ही मूळची युरोपीय जात काटक असली, तरी 35 अंशांपुढील उष्णता तिला सोसत नाही. आफ्रिकेतील युड्रिलस युजिनी उबदार हवेत चांगली वाढते. विदर्भातील उन्हाळ्यात मात्र जात कोणतीही असो, सावली व ओले गोणपाट अनिवार्य आहे. कोकणातील पावसाळ्यात याउलट पाणी शिंपडणे थांबवून कोरडा भाग वाढवावा लागतो.

पेटीच्या तळातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याला सर्रास ‘व्हर्मीवॉश’ म्हटले जाते, ते योग्य नाही. हे पाणी पुष्कळदा जादा ओलाव्याचे लक्षण असते व त्यात अर्धवट कुजलेले घटक असतात. व्हर्मीवॉश हा गांडुळे असलेल्या सच्छिद्र थरांतून स्वच्छ पाणी झिरपवून मिळवलेला द्रव होय.

तयार खत काढणे लांबणीवर टाकू नये, कारण स्वतःच्याच विष्ठेत गांडुळांची वाढ खुंटते. नवे खाद्य एकाच बाजूस घालत गेल्यास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक गांडुळे तिकडे सरकतात व दुसऱ्या बाजूचे खत काढता येते. त्या खतात लिंबाच्या बीपेक्षाही लहान, पिवळसर कोश आढळतात. चाळताना ते वेचून पुन्हा पेटीत टाकावेत. पुढील पिढी त्यांतूनच बाहेर पडते.