चार लेकरं झाली, तरी गाठ दाखवा

“मला चार लेकरं झाली, चारही अंगावर पाजली. मला कशाला छातीचा कॅन्सर होईल?” आपल्या जिल्ह्यातील अनेक भगिनींच्या तोंडून हे मी ऐकले आहे. यात अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे ठाऊक नसल्याने गाठ अंगावर काढली जाते. म्हणून आज याच विषयाचा विचार करू.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. एका पेशीच्या दोन होताना तिच्यातील जनुकांची नक्कल उतरवली जाते. हाताने सातबारा उतरवताना एखादा आकडा चुकावा, तशी येथेही चूक होते. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते, काही राहून जातात. निरोगी स्तनातही असे बदल असतात व ते वयाबरोबर साचत जातात. २०२३ साली २९ निरोगी स्त्रियांच्या स्तनपेशींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले. असा बदल म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र मोक्याच्या जनुकांत अशा अनेक चुका एकत्र आल्या की पेशींच्या वाढीवर ताबा राहत नाही. म्हणूनच वयाबरोबर धोका वाढतो.

मग बाळंतपणाचा संबंध काय? दर महिन्याच्या पाळीबरोबर हार्मोन्समुळे स्तनातील पेशी वाढतात. दिवस पूर्ण भरलेल्या गरोदरपणात त्या दूध तयार करण्यासाठी पक्व होतात आणि पुढे त्यांची विभागणी कमी होते. १९७० साली ब्रायन मॅकमहोन व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, पस्तिशीनंतर पहिले मूल झालेल्या स्त्रियांच्या मानाने अठराच्या आत आई झालेल्यांना धोका सुमारे एकतृतीयांश असतो. २००२ साली ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र तपासले गेले. प्रत्येक बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले. बाळंतपणानंतर काही वर्षे मात्र धोका थोडा वाढतो, फायदा पुढे मिळतो.

आपल्या शेजारच्या बार्शी, परंडा व भूम तालुक्यांत १९८७ पासून कर्करोगाची नोंद ठेवली जाते. ग्रामीण भागातील ही देशातील पहिली नोंदणी. तेथे स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी आढळले. लवकर व अधिक बाळंतपणे हे त्याचे एक कारण मानले जाते.

यावरून कोणी मुलीचे लग्न लवकर उरकण्याचा अर्थ काढू नये! २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. कोवळ्या वयातील बाळंतपण आई व बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. शिवाय लवकर व अनेक बाळंतपणांनी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अंगावर पाजणे मात्र सर्वांनाच हितकारक आहे.

धोका कमी होणे म्हणजे धोका संपणे नव्हे. चार मुलांच्या आईच्या पेशींतही वयाबरोबर बदल साचतच असतात. ऊसतोडीला गेलेली बाई म्हणते, “पट्टा पडला की दाखवू.” गाठ दुखत नसते, म्हणून सहा महिने निघून जातात. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, हे ध्यानात ठेवा.

महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर, आंघोळीच्या वेळी बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन व काखा चाचपून पाहाव्यात. गाठ, कातडीवर खळगा, आत ओढलेले बोंड किंवा त्यातून रक्त, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दाखवावे. तिशीनंतर आरोग्य केंद्रात स्तनांची तपासणी करून घ्यावी. टाटा रुग्णालयाने मुंबईतील दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी यंत्र लागले नाही.

पुढील तपासणीसाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा बार्शीचे कर्करोग रुग्णालय गाठता येते. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते तपासल्यावरच कळते. कारखान्यावर असाल तर तिथल्याच जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, पट्टा पडण्याची वाट पाहू नका.