देवगिरी : अभेद्य कडा, रिकामी कोठारे

मध्ययुगीन किल्ला म्हटला की उंच तट, भक्कम बुरुज आणि तोफांच्या रांगा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. मात्र तट कितीही उंच असला तरी तो शत्रूला कायमचा थोपवू शकत नाही. तो आतील शिबंदीला काही दिवस, काही आठवडे किंवा फार तर काही महिने मिळवून देतो. या काळात बाहेरून मदत यावी, पाऊस सुरू व्हावा किंवा शत्रूचीच रसद संपावी, या हिशेबावर दुर्गरचना उभी असते. हा हिशेब केव्हा जमतो आणि केव्हा फसतो, हे छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना लागणाऱ्या देवगिरी अर्थात दौलताबादच्या किल्ल्याइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसते.

यादवांच्या या राजधानीत पुढे दिल्लीचे सुलतान, बहमनी, निजामशाही आणि मोगल अशा सत्ता नांदल्या. मुहंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी येथे हलवून नगराचे नाव दौलताबाद ठेवले. बहुतेक राजवटींनी संरक्षणात काही ना काही भर घातली. त्यामुळे आज दिसणारा किल्ला हा अनेक शतकांच्या युद्धानुभवाचा संचय आहे.

मैदानातून सुमारे 200 मीटर उंच उठलेली शंकूच्या आकाराची टेकडी हा या रचनेचा गाभा. तिच्याभोवती एकात एक तटबंद्या आहेत. सर्वांत बाहेरचा अंबरकोट, त्याच्या आत महाकोट आणि त्याच्याही आत काळाकोट. बाहेरचा तट पडला तरी लढाई संपत नाही, ती फक्त एक पाऊल आत सरकते, हे या रचनेमागील तत्त्व होय.

महाकोटाच्या प्रवेशमार्गावर एकामागोमाग एक दरवाजे आहेत. वाट सरळ जात नाही, ती वळणे घेते. त्या काळी दरवाजे फोडण्यासाठी हत्तींना धडक द्यायला लावीत. वळणामुळे हत्तीला धावायला जागाच उरत नाही. त्यातूनही तो पोहोचलाच, तर दाराच्या फळ्यांवर लोखंडाचे अणकुचीदार सुळे त्याच्या कपाळाची वाट पाहत असतात. पहिला दरवाजा ओलांडलेले सैन्य दोन दरवाजांमधील बंदिस्त चौकात अडकते आणि चहूबाजूंच्या तटांवरून त्याच्यावर मारा होतो.

हे सारे पार केल्यावर बालेकिल्ल्याचा कडा समोर येतो. टेकडीचा खालचा भाग सभोवार तासून सुमारे 50 मीटर उंचीची उभी भिंत तयार केलेली आहे. तिच्या पायथ्याशी खडकात खोदलेला खंदक आहे. हा खंदक ओलांडायला दोन माणसे जेमतेम शेजारी चालू शकतील एवढाच अरुंद पूल होता. चौदाव्या शतकात येथे आलेला प्रवासी इब्न बतूता याने वर जाण्याची चामड्याची शिडी रात्री ओढून घेत असल्याची नोंद केली आहे.

पुलापलीकडे ‘अंधारी’ सुरू होते. डोंगराच्या पोटात कोरलेला हा वळणावळणाचा चढता भुयारी मार्ग दिवसाही काळोखा असतो. उजेडातून आत शिरलेल्या सैनिकाचे डोळे निकामी होतात, तर आत दबा धरलेल्या पहारेकऱ्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. भुयारातील चढणीच्या पायऱ्यांच्या माथ्यावर लोखंडी जाळी बसवण्याची सोय होती. युद्धप्रसंगी तिच्यावर आगटी पेटवून वाट अडवायची, ही कल्पना साधी तितकीच भयंकर होती.

एवढा बंदोबस्त असूनही देवगिरीचा इतिहास पराभवांनी भरलेला आहे. हे कसे घडले?

इ.स. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर होते. राजा रामचंद्रदेव किल्ल्यात गेला. घाईघाईने वर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. शंकरदेवाने परतून लढाई दिली, पण तिच्यात त्याचा पराभव झाला. अखेर प्रचंड खंडणी देऊन तह करावा लागला. कड्यावर कोणी चढले नव्हते. कोठार रिकामे होते.

याच किल्ल्याने 1347 मध्ये उलट चित्र दाखवले. बंडखोर अमीर बालेकिल्ल्यात शिरले आणि खुद्द मुहंमद तुघलकाने वेढा घातला. गुजरातेत बंड उद्भवल्याने त्याला वेढ्याच्या जागेवरून निघून जावे लागले. त्यानंतर हसन गंगूने तुघलकी फौजेचा पराभव केला आणि बहमनी राज्य स्थापन झाले. किल्ल्याने मिळवून दिलेला वेळ येथे कारणी लागला.

निजामशाहीचा संस्थापक अहमद निजामशहा याने हे गणित नेमके ओळखले होते. फरिश्त्याच्या वृत्तांतानुसार, जुन्नर आणि दौलताबाद यांच्या दरम्यान नवे नगर वसवून तेथून दरवर्षी हंगामात फौज पाठवायची आणि दौलताबादच्या परिसरातील पिके उद्ध्वस्त करायची, असा त्याचा बेत होता. ते नगर म्हणजे अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. कड्याशी झुंजण्याऐवजी त्याने भोवतालच्या शेतांवर घाव घातला आणि 1499 मध्ये किल्ला त्याच्या हाती आला.

निजामशाहीचा शेवटही येथेच जवळ आला. 1633 मध्ये मोगल सरदार महाबतखानाने वेढा घातला. सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले. शहाजीराजे आदिलशाही सरदारांसह वेढलेल्यांना मदत पोहोचवण्यासाठी झटत होते, पण रसद आत जाऊ शकली नाही. उपासमारीने गांजलेल्या फतेहखानाने, म्हणजे मलिक अंबराच्या मुलाने, त्याच वर्षी जूनमध्ये किल्ला स्वाधीन केला.

पुढे शिवाजी महाराजांनी राजधानीसाठी रायगड निवडला, तेव्हा दौलताबाद उत्तम गड खरा, पण उंचीने कमी, असा अभिप्राय त्यांनी दिल्याचे सभासदाच्या बखरीत नमूद आहे. सह्याद्रीतील गडांना नुसती उंचीच लाभली नव्हती. दरीखोऱ्यांमुळे त्यांना पूर्ण वेढा घालणे शत्रूला जड जाई. मैदानात एकट्या उभ्या असलेल्या देवगिरीला मात्र चारही बाजूंनी कोंडता येत असे.

म्हणूनच किल्ला पाहताना तटाबुरुजांबरोबर पाण्याची टाकी, हौद आणि धान्याची कोठारेही पाहायला हवीत. पर्यटकांची पावले त्यांच्याकडे फारशी वळत नाहीत. परंतु देवगिरीचे भवितव्य अनेकदा त्यांच्यातच ठरले. मराठीत ‘किल्ला लढवणे’ असा वाक्प्रचार आहे. किल्ला आपोआप लढत नाही, तो लढवावा लागतो; आणि लढवणाऱ्याच्या पोटात अन्न असावे लागते.