शस्त्रांच्या यादीतला प्रोग्रॅम

१९९१ साली फिल झिमरमन या अमेरिकी प्रोग्रॅमरने ‘पीजीपी’ हे ईमेल सांकेतिक करणारे सॉफ्टवेअर फुकट वाटले. इंटरनेटवरून ते लगेच देशाबाहेर पोहोचले आणि तिथेच घोडे अडले.

त्या काळी अमेरिकेत सांकेतिकीकरणाचे प्रभावी तंत्र निर्यातीच्या दृष्टीने युद्धसामग्रीत मोडत असे. १९९३मध्ये झिमरमनची फौजदारी चौकशी सुरू झाली. गुन्हेगार पकडायचे तर संदेश वाचता आले पाहिजेत, हा सरकारचा मुद्दा. खासगी पत्र हा नागरिकाचा हक्क, हा समर्थकांचा. १९९५मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपीचा सगळा कोड चक्क पुस्तकरूपात छापला, कारण अमेरिकी राज्यघटना छापील शब्दाला संरक्षण देते. १९९६च्या जानेवारीत आरोप न ठेवताच चौकशी बंद झाली.

सरकारची अडचण पीजीपीच्या रचनेतच होती. त्यात दोन किल्ल्या असतात. संदेश बंद करणारी सर्वांना खुली, उघडणारी फक्त मालकाकडे.

भारतात तपास की गोपनीयता हाच वाद २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी पेटवला. संदेश मुळात कोणी पाठवला, हे आदेशानंतर शोधून देण्याची सोय मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी करावी, असे हे नियम सांगतात. तसे केल्यास सर्वांचीच गोपनीयता मोडेल, असे म्हणत व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.