खिडकीचें रबर

कुकरची रबरी रिंग कडक झाली म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नको. वाफ कडेनें निसटते, शिटी होत नाहीं आणि डाळ अर्धीकच्ची राहते. भांडें तेंच, झांकणहि तेंच. बिघडली ती एवढीशी रिंग. बाजारांत ती सहज मिळते म्हणून आपणांस तिची किंमत कळत नाहीं. परंतु कुकर साठसत्तर वर्षांपूर्वींचा असता, त्याचा कारखाना केव्हांच बंद झाला असता आणि त्या मापाची रिंग कोणीच करीत नसतें, तर? जुन्या आगगाड्या दुरुस्त करून पुन्हां चालविणाऱ्या ब्रिटनमधील मंडळींपुढें नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

ह्या हौसेस तेथें मोठी परंपरा आहे. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे १९५१ सालीं स्वयंसेवकांनीं चालवावयास घेतली. स्वयंसेवकांनीं चालविलेली जगांतील ती पहिली रेल्वे होय. त्यानंतर अशा अनेक संस्था निघाल्या. ब्रिटिश रेल्वेनें १९५४ पासून निराळें एंजिन न लागणाऱ्या नव्या डिझेल गाड्या सुरू केल्या होत्या. त्यांतील पुष्कळ आज ह्या संस्थांच्या पदरीं आहेत. चालकाच्या पाठीमागें कांचा असल्यामुळें त्यांत पुढच्या बांकावरील मुलांस समोरचे रूळ आपल्याकडे धांवत येतांना दिसतात. आगगाडीच्या प्रवासांत ह्याहून मोठा आनंद असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

अशा गाड्यांच्या पुष्कळ कांचा रबराच्या पट्टीनें धरलेल्या असतात. पट्टीस दोन बाजूंस दोन खांचा असतात. एकींत डब्याचा पत्रा बसतो व दुसरींत कांच. मग तिसऱ्या अरुंद खांचेंत एक बारीक पट्टी पाचरेप्रमाणें दाबून बसविली, म्हणजे सारें घट्ट होतें. ऊन आणि हवेंतील ओझोन वायु ह्यांमुळें कालांतरानें हें रबर कडक होतें, आकसतें व त्यास भेगा पडतात. पावसाचें पाणी आंत झिरपून खिडकीखालीं सांचतें आणि पोलादी पत्रा आंतून गंजूं लागतो. बाहेरचा रंग कितीहि सुरेख असला, तरी पुढें त्यास फुगे येतात. लांकूडकाम आणि गाद्या ह्यांवर केलेली मेहनत फुकट जाते ती अशी.

मग नवें रबर आणावें कोठून? पहिला मोह होतो तो जुन्या गोदामांत पडून राहिलेल्या कोऱ्या मालाचा. एखादें वेटोळें सांपडलें म्हणजे घबाड मिळाल्यासारखें वाटतें. परंतु रबराचें वय गाडीवर चढल्या दिवसापासून मोजावयाचें नसतें, तयार झाल्या दिवसापासून मोजावयाचें असतें. न वापरलेलें रबरहि म्हातारें होतें.

खरा मार्ग मापापासून सुरू होतो. आकसलेल्या जुन्या पट्टीवर विसंबून चालत नाहीं. पत्र्याची जाडी, कांचेची जाडी आणि दोहोंमधील अंतर हीं प्रत्यक्ष मोजावीं लागतात. जुन्या कांचेच्या जागीं आतां थरांची सुरक्षित कांच बसविली, तर तिची जाडी वेगळी असूं शकते, आणि मग पट्टीची खांचहि बदलते. मापें हातीं आलीं म्हणजे बस, लॉरी, नौका ह्यांच्यासाठीं तयार मिळणाऱ्या पट्ट्यांच्या याद्या चाळाव्या. जुळणारी पट्टी कित्येकदां तेथेंच सांपडते.

न सांपडल्यास नवी पाडून घ्यावी लागते. तत्त्व आपल्या चकलीच्या सोऱ्याचेंच. चकतीस जसें भोंक, तसा चकलीचा आकार. मळलेलें रबरहि पोलादी चकतींतून दाबून काढतात आणि उष्णतेनें पक्कें करतात. गंधक मिसळून तापविलें म्हणजे रबर पक्कें होतें, हें चार्ल्स गुडइअर ह्या अमेरिकन गृहस्थास १८३९ सालीं उमगलें. आज अशा कामीं ईपीडीएम नांवाचें कृत्रिम रबर पुष्कळ वापरतात, कारण ओझोन त्यास सहसा बाधत नाहीं. मात्र एंजिनाच्या तेलानें तें फुगतें. तेलकट जागीं निओप्रीन बरें.

अडचण येते ती लांबीची. चकती एकदांच करावी लागते. पण दहावीस मीटर पट्टीसाठीं कारखानदार यंत्र लावावयास राजी नसतो, आणि मोठ्या मागणीचा खर्च एका लहान संस्थेस झेपत नाहीं. येथें एकत्र कुटुंबाची रीत कामीं येते. वर्षाचे गहूं चार भावांनीं मिळून घ्यावे व वांटून न्यावे, तशी चार संस्थांनीं मिळून मागणी नोंदवावी. चकती जपून ठेविली, म्हणजे पुढच्या वेळीं तो खर्च वांचतो.

पट्टी बसवितांना ताणूं नये. मापाहून किंचित् लांब कापून, साबणाच्या पाण्यानें भिजवून दाबीत न्यावी. ताणलेलें रबर पुढें आकसतें, सांध्यापाशीं फट पडते, आणि पाऊस ती बरोबर शोधून काढतो.

गाडी पाहावयास येणारे लोक रंगाची तारीफ करतात. ह्या पट्टीकडे कोणी पाहात नाहीं. परंतु बाहेर धो धो पाऊस कोसळत असतां पुढच्या बांकावरचें पोर कांचेस नाक लावून बसलें असेल आणि त्याच्या मांडीवर एकहि थेंब पडला नसेल, तर चारहि संस्थांचे पैसे सत्कारणीं लागले असें समजावें.