लॅपटॉप बदलताना: स्वस्त की महाग?

वेतन, महागाई आणि कामगार कायदे या विषयांवर बोलण्याची आम्हांस सवय आहे. यंदा एका यंत्राच्या खरेदीवर बोलावयाचे ठरविले, तेव्हा काही मित्रांच्या कपाळाला आठ्या पडल्या. परंतु ज्या वस्तूसाठी कामगार दोन-तीन महिन्यांचा पगार एका दिवसात मोजतो, किंवा दीड-दोन वर्षे हप्ते फेडीत बसतो, तिचा विचार चळवळीने करू नये तर कोणी करावा?

निमित्त असे घडले. पिंपरीकडील एका कारखान्यात लेथवर काम करणारे आमचे एक सभासद पतपेढीकडे नव्वद हजारांच्या कर्जाचा अर्ज घेऊन आले. मुलगी संगणक पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकते. टाळेबंदीत, २०२० साली घेतलेला स्वस्त लॅपटॉप आता सुरू व्हावयासच दहा मिनिटे घेतो. दुकानात त्यांस सांगण्यात आले की, स्वस्त घेतलेत म्हणून फसलात, आता तरी चांगला घ्या. बापाला ते पटले. मुलीच्या शिक्षणात आपण हात आखडता घेतला, ही बोच मनाला लागलेली होतीच. आणि ही बोच विकणाऱ्याच्या फार उपयोगी पडते.

आम्ही तो लॅपटॉप मागवून पाहिला. ४ जीबी मेमरी, तीही बोर्डालाच डाख देऊन कायमची बसविलेली. माहिती साठविण्यासाठी ६४ जीबीची ईएमएमसी चिप, तीही तशीच. विंडोज आणि तिची वेळोवेळी येणारी सुधारणा यांनीच बहुतेक जागा व्यापलेली. मुलीच्या अभ्यासाला उरली ती कोपऱ्यातली. मेमरी वाढवावी तर खाच नाही, डिस्क बदलावी तर डिस्कच नाही. विकत घेतले त्याच दिवशी त्या यंत्राचे आयुष्य ठरून गेले होते.

आम्ही त्या सभासदांना त्यांच्याच लेथची भाषा सांगितली. लेथचा बेड एकदा घेतला की घेतला. तो वाकडा निघाला तर पुढे काही इलाज नाही. टूल मात्र झिजते, मोडते, आणि दुसरे लावता येते. म्हणून शहाणा कारागीर पैसा बेडमध्ये घालतो आणि टूलचे पुढे पाहून घेतो. लॅपटॉपमध्ये बेड कोणता? प्रोसेसर, पडदा, कळफलक, बिजागरी आणि सांगाडा. टूल कोणते? खाचेत बसणारी मेमरी, एसएसडी, बॅटरी, चार्जर. पुष्कळ स्वस्त यंत्रांत बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकच्या खुंट्यांत पिळलेले असतात. रोजच्या उघडझाकीने त्या खुंट्या उपटतात आणि आतली सारी यंत्रणा ठणठणीत असूनही लॅपटॉप निकामी ठरतो. जाहिरातीत बिजागरीचा उल्लेख आम्ही अद्याप वाचलेला नाही.

मग महाग यंत्रात सारे ठीक असते काय? तेथे जादा पैसा काही अंशी बेडमध्येच जातो, हे मान्य केले पाहिजे. धातूचा सांगाडा, उजळ आयपीएस पडदा, दिवसभर पुरणारी बॅटरी, या गोष्टी खऱ्या आहेत. पण काही अंशी तो पैसा पातळपणासाठी जातो, आणि पातळपणापायी मेमरी पुन्हा बोर्डालाच चिकटविली जाते. म्हणजे लाखाच्या यंत्रातही टूल बेडला जोडून टाकलेले! अ‍ॅपलचा एम१ मॅकबुक एअर २०२० साली भारतात ९२,९०० रुपयांना आला. यंत्र उत्तम, पाच वर्षांनंतरही अनेकांकडे ते बिनतक्रार चालते. परंतु ज्याने ते ८ जीबीचे घेतले त्यास शेवटपर्यंत ८ जीबीवरच भागवावे लागेल, आणि खुद्द कंपनीने २०२४ साली एअरची किमान मेमरी १६ जीबी केली.

हिशेबही करून पाहू. पस्तीस हजारांचा लॅपटॉप तीन वर्षे टिकला तर वर्षाला सुमारे पावणेबारा हजार पडतात. लाखाचा आठ वर्षे टिकला तर साडेबारा हजार. म्हणजे वर्षाचा खर्च जवळजवळ सारखाच, आणि महाग यंत्रावर बसण्याचे सुख वेगळे. ज्याच्या बँकेत लाख रुपये पडून आहेत त्याने हा हिशेब खुशाल मानावा. आमच्या सभासदांस लाखावर व्याज द्यावे लागते. शिवाय लोकलच्या गर्दीत पिशवी चेंगरली, किंवा चहाचा पेला कळफलकावर सांडला, तर एका क्षणात आठ वर्षांचे यंत्र जाते आणि हप्ते मागे उरतात.

नावांच्या फसवणुकीविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इंटेलने २०२३ पासून लॅपटॉपमधली सेलेरॉन आणि पेंटियम ही नावे बंद केली. त्या पायरीच्या चिपा आता एन१०० अशा क्रमांकाने, नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ म्हणून विकल्या जातात. एएमडीचा रायझन ५ ७५२०यू पाहा. सुरुवातीचा ७ नव्या पिढीचा वाटतो. पण तिसरा अंक २ आहे, म्हणजे आतली रचना झेन २, जी २०१९ साली बाजारात आली. पत्र लिहिणे, पीएफचा दावा भरणे एवढ्यास ती पुरेल. पण नव्याच्या भावाने जुने घेऊ नये.

आमच्या मते अशा घरांसाठी रस्ता मधला आहे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षे वापरून आपले लॅपटॉप बाहेर काढतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या कचेरीसाठी बांधलेल्या मालिका. त्यांची बिजागरी दणकट, कळफलक चांगला, आणि बहुतेकांचे मागचे झाकण साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडते. मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावेत. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारणतः आठवी पिढी किंवा तिच्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुने यंत्र लिनक्सवर चालेल, मराठी टंकलेखनही होईल, पण महाविद्यालयात विंडोजच मागत असतील तर पंचाईत. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचे पान उघडावे. तेथे ‘सोडिम’ लिहिले असेल तर मेमरी खाचेत आहे, ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर डाख दिलेली आहे. विंडोजकडून बॅटरीचा अहवालही मागता येतो. त्यातली मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून पाहावी आणि फरक मोठा असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागावेत. लाजू नये; भाव करणे हे आपल्या लोकांना दुकानात जमते, कारखान्याच्या दारातच जमत नाही.

नव्वद हजारांचा अर्ज त्या सभासदांनी परत घेतला. अकराव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा, कचेरीतून निघालेला एक लॅपटॉप मुलीने स्वतः तपासून निवडला. झाकण उघडून दाखवा, असे तिने म्हटल्यावर दुकानदार जरा चमकला म्हणतात. आत दोन खाचा होत्या, एकीत ८ जीबी, दुसरी रिकामी. नवी बॅटरी धरून चौतीस हजार झाले, आणि पतपेढीने तेवढेच कर्ज मंजूर केले. रिकाम्या खाचेतली मेमरी दिवाळीच्या बोनसमधून घ्यावयाची ठरली आहे.