जुन्या मोटारींतील एलईडी बदली बल्ब

एलईडी बदली बल्ब म्हणजे मोटारीच्या मूळ तंतूच्या बल्बच्या जागी, त्याच होल्डरमध्ये बसेल अशा बैठकीचा, प्रकाश उत्सर्जक डायोडांनी बनलेला बल्ब होय. ज्या मोटारींचे बाहेरील दिवे टंगस्टनचा तंतू गृहीत धरून घडवले गेले, अशा मोटारींत दिव्याची काच, परावर्तक व होल्डर तसेच ठेवून केवळ बल्ब बदलण्यासाठी त्याचा वापर होतो. भारतात प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसॅडर, मारुती ८०० ही अशा मोटारींची परिचित उदाहरणे आहेत. वीज कमी लागणे, दीर्घ आयुष्य आणि क्षणात उजळणे हे या बल्बचे गुण आहेत; मात्र ते प्रत्येक दिव्यात सारखे उतरत नाहीत. मागचे दिवे, ब्रेकलाइट व इंडिकेटर यांत नीट निवडलेला एलईडी बल्ब बहुधा चांगले काम देतो. पुढच्या मुख्य दिव्यांत मात्र तोच बल्ब समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवण्याचा धोका मोठा असतो.

पार्श्वभूमी

दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार केला. योगायोगाने त्याच वर्षी युरोपात मोटारींसाठी एच१ हा पहिला हॅलोजन बल्ब वापरात आला. एकाच काचेत दोन तंतू असलेला एच४ बल्ब १९७१ मध्ये आला आणि पुढची काही दशके मोटारींच्या पुढच्या दिव्यांवर त्याचेच राज्य राहिले. पांढऱ्या एलईडीला निळ्या एलईडीची वाट पाहावी लागली. त्या शोधाबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नेहमीचा पांढरा एलईडी हा वस्तुतः निळा एलईडीच असतो; त्यावरील पिवळ्या प्रस्फुरक लेपामुळे एकत्रित प्रकाश पांढरा भासतो. ही गोष्ट लाल काचेच्या संदर्भात पुढे महत्त्वाची ठरते.

दिव्याची घडण

बल्ब म्हणजे दिवा नव्हे. मोटारीचा दिवा ही प्रकाशाचा उगम, परावर्तक आणि काच या तिघांनी मिळून बनलेली रचना आहे. तंतू काही मिलिमीटर लांबीचा असतो व तो जवळजवळ सर्व दिशांना प्रकाश फेकतो. परावर्तकाचा वक्राकार आणि काचेवरील उभ्या-आडव्या रेघा या तंतूची जागा ठरवूनच काढलेल्या असतात. एलईडीचा कण याउलट सपाट असतो आणि तो एका बाजूलाच प्रकाश देतो. म्हणून बदली बल्बच्या दांड्यावर चहूबाजूंना कण बसवावे लागतात आणि प्रकाशाचा उगम मूळ जागेपासून थोडा सरकतो, पसरतो. केवळ सूचना देणाऱ्या दिव्यात हा फरक बहुतेक वेळा खपून जातो. रस्ता उजळणाऱ्या दिव्यात तो खपत नाही.

वेष्टनावर छापलेला ल्युमेनचा आकडा बल्बमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा असतो. तो प्रकाश रस्त्यावर पडेल की झाडाच्या शेंड्यावर, हे त्या आकड्यातून कळत नाही.

मागचे दिवे व ब्रेकलाइट

मागच्या दिव्यांत सामान्यतः २१ वॅटचा एकतंतू किंवा २१ व ५ वॅटचा द्वितंतू बल्ब असतो. द्वितंतू बल्बमधील ५ वॅटचा तंतू रात्रभर जळतो आणि ब्रेक दाबताच २१ वॅटचा उजळतो. या दोहोंतील ठळक फरकावरूनच मागचा चालक पुढची गाडी थांबत असल्याचे ओळखतो. हलक्या प्रतीच्या एलईडी बल्बमध्ये हा फरक पुरेसा राखलेला नसतो. असा बल्ब दोन्ही अवस्थांत तेजस्वी दिसतो, म्हणून विकत घेणारा खूश होतो. पण रात्री मागून येणाऱ्याला ब्रेक लागल्याचे कळत नाही. प्रकाश वाढूनही सुरक्षितता घटण्याचे हे उदाहरण आहे.

एलईडीचा खरा लाभही याच दिव्यात आहे. तंतू तापून पूर्ण उजळण्यास सुमारे ०.२ सेकंद लागतात, तर एलईडी जवळजवळ तत्काळ पेटतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने मागून येणारे वाहन तेवढ्या वेळात सुमारे साडेचार मीटर पुढे आलेले असते.

रंगाबाबत नियम सोपा आहे: लाल काचेमागे लाल एलईडी, पिवळसर नारिंगी काचेमागे त्याच रंगाचा एलईडी. तंतूच्या प्रकाशात लाल रंग भरपूर असतो, त्यामुळे लाल काच बाकीचा प्रकाश अडवूनही पुरेसा लाल प्रकाश बाहेर सोडते. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात गडद लाल भाग तुलनेने थोडा असतो. म्हणून लाल काचेमागे तो फिका, कधी गुलाबी दिसतो. याला एक अपवाद आहे. काही जुन्या मोटारींत व अनेक दुचाक्यांत मागच्या दिव्याच्या तळाशी पारदर्शक खिडकी असते आणि त्याच बल्बचा प्रकाश नंबरप्लेटवर पडतो. तेथे लाल एलईडी बसवल्यास नंबरप्लेटही लाल दिसू लागते, म्हणून तेथे पांढरा बल्बच हवा.

बल्ब दिव्यात आडवा बसतो की काचेकडे तोंड करून, हेही पाहावे लागते. आडवा बसणाऱ्या बल्बच्या कडेने प्रकाश निघणे आवश्यक असते. ज्याच्या केवळ टोकाला कण आहेत असा बल्ब तेथे निरुपयोगी ठरतो.

इंडिकेटर

एलईडी बसवल्यावर सर्वांत जास्त तक्रारी इंडिकेटरबाबत येतात. याचे कारण बल्बमध्ये नसून फ्लॅशरमध्ये असते. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. बल्बकडे जाणाऱ्या विद्युतप्रवाहाने ती तापते, वाकते व मंडल तोडते. थंड झाली की पुन्हा जोडते. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह घेतात, एलईडी बल्ब त्याचा लहानसा अंशच घेतात. तेवढ्याने पट्टी तापत नाही आणि इंडिकेटर न लुकलुकता नुसता जळत राहतो. नंतरच्या काळातील इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर कमी झालेला प्रवाह पाहून ‘एक बल्ब गेला’ असा अर्थ घेतो आणि दुप्पट वेगाने लुकलुकू लागतो.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला, प्रत्येक बल्बला समांतर सुमारे ६ ओहमचा रोधक जोडणे. इंजिन चालू असताना, १४ व्होल्टच्या आसपास, असा रोधक पेटलेल्या क्षणी ३० वॅटहून अधिक उष्णता निर्माण करतो. तो प्लॅस्टिकला वा तारांच्या जुडग्याला चिकटवला तर आवरण वितळू शकते. त्याची जागा उघड्या पत्र्यावरच. शिवाय एलईडीने वाचवलेली वीज हा रोधक पुन्हा खर्च करून टाकतो. दुसरा व अधिक सरळ उपाय म्हणजे प्रवाहावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवणे. त्याला बहुधा अर्थिंगची तिसरी तार लागते, जी जुन्या दोन टोकांच्या फ्लॅशरला नव्हती. या फ्लॅशरची उणीव अशी, की बल्ब गेल्यावर वेग बदलून तो चालकाला सूचना देत नाही.

फ्लॅशर बदलूनही कधी कधी डावा इंडिकेटर दिला असता चारही दिवे लुकलुकतात. हा दोष अनेक मेकॅनिकांना चकवतो. कित्येक जुन्या मोटारींत डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच खूणदिवा असतो आणि त्याची दोन टोके डाव्या व उजव्या मंडलांना जोडलेली असतात. डावी बाजू चालू असताना खूणदिव्यातून निघालेला अल्प प्रवाह उजव्या बाजूच्या तंतूंतून अर्थिंगकडे जातो. तंतू त्या प्रवाहाने पेटत नाहीत, एलईडी मात्र पेटतात. खूणदिव्याचे एक टोक थेट अर्थिंगला जोडून दुसऱ्या टोकाला दोन्ही मंडलांकडून एकेका डायोडमार्फत वीज दिल्यास हा दोष जातो.

पुढचे मुख्य दिवे

एच४ बल्बमध्ये अप्परसाठी ६० वॅटचा व डिपरसाठी ५५ वॅटचा तंतू असतो. डिपरच्या तंतूखाली धातूची छोटी वाटी असते. ती त्या तंतूचा खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे परावर्तकाचा वरचा भागच वापरला जातो आणि प्रकाश रस्त्याकडे झुकतो. भिंतीवर पाहिल्यास या झोताची वरची कड स्पष्ट दिसते. भारतासारख्या डावीकडून वाहने चालवणाऱ्या देशांत ती डाव्या बाजूस वर चढते, म्हणजे रस्त्याची कडा व पादचारी दिसतात आणि उजवीकडून समोर येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. एवढी सगळी किमया एका तंतूच्या व एका वाटीच्या अचूक जागेवर अवलंबून आहे.

एलईडी बदली बल्ब या रचनेची नक्कल करतो. त्याच्या पट्टीच्या दोन बाजूंना कण व खाली छोटी वाटी असते; पण पट्टीला जाडी असल्याने कण मध्यरेषेपासून दूर सरकतात. परिणामी कड धूसर होते आणि प्रकाशाचा काही भाग तिच्या वर निसटतो. गाडीत बसलेल्या चालकाला हे जाणवत नाही. त्याला बोनेटपुढचा रस्ता लख्ख उजळलेला दिसतो आणि बदल यशस्वी झाला असे वाटते. जवळचा रस्ता फार उजळल्याने त्याचे डोळे त्या उजेडाला सरावतात व दूरचा अंधार अधिकच गडद भासतो, हेही त्याच्या ध्यानात येत नाही. किंमत मोजतो तो समोरचा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दुचाकीस्वाराला काही क्षण काहीच दिसेनासे होते, आणि त्याच क्षणांत त्याच्या पुढ्यात पादचारी, बैलगाडी किंवा खड्डा असू शकतो. वयपरत्वे डोळ्यातील भिंगात प्रकाश अधिक विखुरतो व दिपलेली नजर सावरण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून वृद्धांना हा त्रास जास्त होतो. हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३२०० केल्व्हिनचा, पिवळसर असतो. बाजारातील बहुतेक एलईडी ६००० केल्व्हिनच्या आसपासचे, निळसर असतात, आणि तेवढ्याच तीव्रतेचा निळसर प्रकाश डोळ्यांना अधिक खुपतो. भारतात एकेकाळी मोटारींच्या व ट्रकच्या दिव्यांवर काळा पट्टा किंवा काळा ठिपका रंगवलेला असे. तो उपाय ओबडधोबड खरा, पण समोरच्याच्या डोळ्यांचा विचार त्यामागे होता.

उष्णतेचा प्रश्नही वेगळा आहे. हॅलोजन बल्बची उष्णता बरीचशी प्रकाशाबरोबर पुढे जाते. एलईडीची उष्णता मागे, बैठकीकडे साठते. म्हणून त्याला मागे धातूच्या पात्या किंवा छोटा पंखा असतो. जुन्या दिव्यामागील रबरी टोपीत त्यांना जागा मिळाली नाही, तर टोपी काढून टाकली जाते आणि पावसाळ्यात परावर्तकात ओल शिरते. वारा न मिळाल्यास बल्बचे आयुष्यही वेष्टनावर लिहिल्याच्या जवळपास पोहोचत नाही.

मंद प्रकाशाची अन्य कारणे

जुन्या मोटारीचे दिवे मंद वाटतात, त्याचा दोष पुष्कळदा बल्बकडे नसतोच. दोन्ही डिपरचा मिळून सुमारे ९ अँपिअरचा प्रवाह अशा मोटारींत डॅशबोर्डवरील स्विचमधून, बारीक व गंजलेल्या तारांतून जातो आणि बल्बपर्यंत पोहोचताना व्होल्ट कमी होतात. तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो; म्हणजे व्होल्ट १० टक्क्यांनी घटले तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. रिले बसवून बॅटरीपासून थेट जाड तार देणे, अर्थिंगचे टोक घासून पुसून घट्ट करणे, काळवंडलेला परावर्तक बदलणे आणि झोताची दिशा नीट लावणे या उपायांनी मूळ हॅलोजन बल्बच अपेक्षेहून चांगला उजेड देतो. त्यातून समोरच्याला त्रासही होत नाही. एलईडी घेण्यापूर्वी एवढे करून पाहणे शहाणपणाचे आहे.

अर्थिंगची सफाई एलईडीसाठीही लागतेच. एलईडीला धन व ऋण टोकांचा भेद असतो. १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. त्यांत नेहमीचा एलईडी बल्ब पेटत नाही, त्यासाठी वेगळा प्रकार घ्यावा लागतो.

कायदेशीर बाजू

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि नंबरप्लेट पांढऱ्या प्रकाशात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. नियम १०६ पुढच्या झोताविषयी आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा व्यक्तीचे डोळे दिपू नयेत, असे तो सांगतो. बल्बचा प्रकार कोणताही असो, ही कसोटी त्याला लागू आहे.

युरोपात बल्ब व दिवा यांची मान्यता परस्परांशी बांधलेली असते. जर्मनीत २०२० मध्ये ओसराम कंपनीच्या एच७ बैठकीच्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची मान्यता मिळाली, तीही तपासून यादीत घातलेल्या ठरावीक मोटारींपुरतीच.

बसवल्यानंतरची तपासणी

प्रथम एकाच बाजूला एलईडी बसवून दुसऱ्या बाजूचा मूळ बल्ब तसाच ठेवल्यास तुलना सोपी होते. मागच्या दिव्यांकडे दूर अंतरावरून, सरळ मागून तसेच दोन्ही कडांनी, रात्री आणि भर उन्हातही पाहावे. दुसऱ्या व्यक्तीस ब्रेक दाबण्यास सांगून फरक लगेच कळतो की नाही हे पडताळावे. पुढच्या दिव्यांसाठी सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करून मूळ बल्बच्या झोताची कड खडूने आखून ठेवतात आणि नव्या बल्बची कड त्या रेषेशी ताडून पाहतात. रेषेच्या वर प्रकाशाचे डाग दिसू लागले तर झोत खाली वळवून ते जात नाहीत, केवळ दूरचा रस्ता दिसेनासा होतो; अशा दिव्यात हॅलोजन बल्ब परत बसवणे हाच उपाय उरतो.